‘फॅरो’मधलं शहर चालवायचं कसं? रस्ते, पूर आणि पिरॅमिड

‘फॅरो’ हा इम्प्रेशन्स गेम्सचा शहर वसवण्याचा खेळ सिएराने १९९९ साली बाजारात आणला. २००० मध्ये ‘क्लिओपात्रा’ हा त्याचा विस्तार आला. २०२३ मध्ये ट्रिस्केल इंटरॅक्टिव्हने सगळा खेळ नव्याने चितारून ‘फॅरो: अ न्यू एरा’ या नावाने परत आणला. आज सुरुवात करणाऱ्याने नवी आवृत्ती घ्यावी, कारण ती आताच्या पडद्यांवर विनातक्रार चालते. जुनी डिस्क जपून ठेवलेल्यांना काही सांगायची गरज नाही, ते ऐकणार नाहीत.

पहिली काही मिशन हा खेळ हात धरून शिकवतो. एकेक इमारत उघडते, वेळ भरपूर असतो, चुका माफ होतात. मग कुठेतरी मेम्फिसच्या मिशनच्या आसपास शहर हाताबाहेर जायला लागतं. कोठारात धान्य भरलेलं, तरी घरात लोक उपाशी. डॉक्टरचा दवाखाना समोर, तरी घराची तक्रार की डॉक्टर येत नाही. अशा वेळी नवा खेळाडू आणखी एक बाजार बांधतो, आणखी एक दवाखाना बांधतो, पैसे संपवतो. आजार मात्र इमारतींच्या संख्येत नसतो, रस्त्याच्या आखणीत असतो. म्हणून या लेखात रस्त्यांना जास्त जागा दिली आहे.

माणसं चालतात, इमारती नाहीत

या खेळात इमारतीला ‘परिघ’ नसतो. दवाखाना बांधला म्हणून आसपासच्या घरांना आपोआप उपचार मिळत नाहीत. दवाखान्यातून एक वैद्य बाहेर पडतो, रस्त्याने फिरतो, आणि ज्या घरांच्या जवळून जातो त्यांनाच सेवा मिळते. बाजार, पाणीपुरवठा, देऊळ, आगीचा पहारेकरी, वास्तुकार, पोलीस या सगळ्यांचं हेच. दारावरून जाणाऱ्या भाजीवालीसारखं समजा: ती ज्या गल्लीत वळली नाही, त्या गल्लीला भाजी नाही.

अशा चालणाऱ्या माणसांचे (खेळाच्या भाषेत वॉकर) दोन प्रकार आहेत आणि हा फरक पक्का डोक्यात बसला की अर्धा खेळ समजला. पहिला प्रकार भटक्यांचा. ते ठराविक अंतर चालून परत येतात, आणि वाटेत चौक आला की कुठे वळायचं हे नशिबावर. दुसरा प्रकार ठरलेल्या ठिकाणी जाणाऱ्यांचा: हातगाडीवाला कोठाराकडे निघतो, बाजारातली खरेदीवाली बाई धान्य आणायला जाते, नवे रहिवासी घर शोधत येतात. ते भटकत नाहीत, जवळचा रस्ता धरतात.

रोडब्लॉक नावाची स्वस्त वस्तू रस्त्यावर ठेवली की भटके तिथून मागे फिरतात, पण ठरलेल्या ठिकाणी जाणारे बिनदिक्कत पार होतात. ‘सीझर ३’ हा याच कंपनीचा आधीचा खेळ खेळलेल्यांना आठवत असेल की तिथे ही सोय नव्हती आणि लोक नाना युक्त्या करायचे. इथे ती हातात आहे, तरी कित्येक खेळाडू तिला हात लावत नाहीत.

आधी नकाशा वाचा

मिशन सुरू झाल्या झाल्या खेळ थांबवा. थांबलेल्या अवस्थेतही बांधकाम करता येतं. चार गोष्टी शोधा.

राज्यमार्ग कुठून कुठे जातो, हे पहिलं. नवे लोक याच रस्त्याने येतात आणि व्यापारी तांडेही याच वाटेने. मग पाण्याचा ओव्हरले (नकाशावर पाणी कुठे आहे ते दाखवणारा थर) चालू करा. भूजल फक्त हिरवळीच्या जमिनीखाली असतं, वाळवंटात विहीर खणता येत नाही. वस्ती कुठे करायची हे बरंचसं इथेच ठरतं. तिसरं, पूरमैदान: नदीकाठची ती गडद सुपीक पट्टी. तिच्यावर शेतं, रस्ते आणि कालव्याच्या चरी सोडून काही बांधता येत नाही. चौथं, कच्चा माल: चिकणमाती पाण्याजवळ, बोरू दलदलीत, दगड आणि सोनं खडकात.

त्यानंतर मिशनची उद्दिष्टं वाचा. लोकसंख्या किती, कोणत्या दर्जाची घरं किती, संस्कृती, समृद्धी, राज्य आणि स्मारक ही मानांकनं किती. उद्दिष्टात ‘रेसिडेन्स’ दर्जाची घरं मागितली असतील तर त्याहून वरच्या ‘मॅनर’ दर्जाच्या मागे लागण्यात अर्थ नाही. हा खेळ जास्तीचं केल्याबद्दल बक्षीस देत नाही, उलट त्रासच देतो. तो कसा, ते पुढे येईल.

वस्तीचं कडं

आता मुख्य काम. वस्तीसाठी आयताकृती रस्ता आखा, बंद कड्यासारखा, ज्यात एकही जादा चौक नाही. कड्याच्या आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही बाजूंना घरांच्या जागा ठेवा. घरं रस्त्यापासून फार आत चालत नाहीत, दोन चौकोनांच्या आतच लागतात. एका चौकोनाची घरं पुढे जुळून दोन बाय दोनची होतात, म्हणून जागा दोन-दोनच्या पटीत सोडा. नाहीतर मधे एकटीच झोपडी अडकून बसते आणि ती एका मर्यादेपलीकडे सुधारत नाही.

सेवेच्या इमारती कड्यावरच ठेवा, शक्यतो दोन आखूड बाजूंना: पाणीपुरवठा, बाजार, वैद्य, आगीची चौकी, वास्तुकाराची चौकी, पोलीस, देऊळ. कड्यात चौक नसल्यामुळे भटक्याला चुकायला जागाच उरत नाही. तो निघतो, गोल फिरतो, सगळ्यांच्या दारावरून जातो.

कड्याला बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ता मात्र एकच हवा, आणि तो कड्याला लागतो तिथून एक पाऊल सोडून रोडब्लॉक. आता बाजारातली विक्रेती आतच फिरेल, खरेदीवाली मात्र रोडब्लॉक ओलांडून कोठारातून माल आणेल. हातगाड्या येतील, रहिवासी येतील, वैद्य पळून जाणार नाही.

करमणुकीचा मंच इथे जरा अडचण करतो. सर्वांत छोटं व्यासपीठ, म्हणजे जगलरचं (हातचलाखीने वस्तू झेलणाऱ्या कलाकाराचं) बूथ, रस्त्यांच्या जोडावरच बसतं, आणि आपण तर जोड टाळतोय. उपाय सोपा: जिथे जोडरस्ता कड्याला मिळतो तोच जोड बूथला द्या. जगलर शाळेतून बूथकडे येताना ठरलेल्या ठिकाणी जाणारा असतो, त्यामुळे रोडब्लॉक त्याला अडवत नाही. शाळा खुशाल लांब, उद्योगांच्या बाजूला बांधा.

कडं किती मोठं? हा प्रश्न सगळे विचारतात आणि ठोकळ उत्तर नको असतं, पण ठोकळच द्यावं लागतं. भटका एका फेरीत जेवढं चालतो त्यात कड्याचा बराच भाग यायला हवा. एखाद्या कोपऱ्यातली घरं सतत घसरत-चढत असतील तर कडं मोठं झालंय. अशा वेळी दुसऱ्या टोकाला आणखी एक बाजार किंवा पाणीपुरवठा टाकला तर भागतं. त्याहून बरं म्हणजे दोन मध्यम कडी करावीत. पहिलं बसलं की तेच दुसरीकडे जसंच्या तसं उतरवा.

कामगार कुठून येणार

मूळ खेळात प्रत्येक कामाच्या ठिकाणाहून एक भरतीवाला निघतो आणि वस्तीजवळून गेला तरच तिथे कामगार मिळतात. म्हणजे वाळवंटातल्या खाणीला माणसं हवी असतील तर जवळ थोड्या झोपड्या टाकाव्या लागतात. त्यांना पाणी, आगीची चौकी एवढं दिलं की पुरे. त्या झोपड्याच राहू द्यायच्या.

नव्या आवृत्तीत याला पर्याय दिला आहे: सगळ्या शहराचे कामगार एकाच साठ्यात धरायचे. जुने खेळाडू याला पळवाट म्हणतात. माझ्या मते पहिल्यांदा खेळणाऱ्याने हीच पळवाट घ्यावी, म्हणजे लक्ष रस्त्यांवर राहतं. जुन्या पद्धतीची मजा दुसऱ्या खेपेला.

कामगार कमी पडायला लागले की ओव्हरसीअरच्या (खेळातल्या खातेप्रमुखाच्या) यादीत जाऊन प्राधान्य ठरवा. अन्न, पाणी-आरोग्य आणि आग-पोलीस वर, बाकी खाली. प्राधान्य न ठरवता सगळ्यांना थोडे-थोडे कामगार वाटले की सगळंच अर्धवट चालतं, आणि अर्धवट चालणारी आगीची चौकी म्हणजे जळालेलं गोदाम.

पूर येतो, जातो, मागे गाळ ठेवतो

महाराष्ट्रातल्या शेतीची सवय असलेल्याला इथलं गणित सुरुवातीला उलटं वाटतं. शेतावर पाऊस पडत नाही. दूर दक्षिणेत इथिओपियाच्या डोंगरांत पडलेला पाऊस नाईलमधून येतो आणि काठच्या जमिनीवर पसरतो. प्राचीन इजिप्तचं वर्षही यावरच बांधलेलं होतं: आखेत म्हणजे पूर, पेरेत म्हणजे उगवण आणि शेमू म्हणजे कापणी, प्रत्येकी चार महिने. १९७० मध्ये आस्वानचं मोठं धरण पूर्ण झालं आणि हा वार्षिक पूर थांबला. खेळात तो अजून येतो.

खेळातला पूर साधारण उन्हाळ्याच्या मध्यावर चढतो. पूरमैदानावरच्या शेतांची कापणी पूर येण्याच्या तोंडावर, वर्षातून एकदा होते. पूर आला की शेतं पाण्याखाली, आणि ओसरला की जमिनीचा कस परत वाढलेला. पूर चांगला तर कस चांगला. पूर हुकला तर पुढच्या वर्षीचं पीक गेलंच म्हणा.

या शेतांना स्वतःचे कामगार नसतात. पाणी ओसरल्यावर वर्क कॅम्पमधून शेतकरी येतात आणि शेत कसतात. म्हणून वर्क कॅम्प शेतांच्या जवळ, रस्त्याने नीट जोडलेला हवा. शेतावर माणूस वेळेत पोचला नाही तर हंगामाचे पहिले आठवडे वाया जातात, ते भरून निघत नाहीत. पूर ओसरल्या ओसरल्या एक चक्कर टाकून बघा की प्रत्येक शेतात माणूस दिसतोय का. एखादं रिकामं असेल तर आणखी एक वर्क कॅम्प बांधा. धान्याच्या बाबतीत दोन कॅम्प जास्त झाले तर परवडतात.

शेताला रस्ता लागतोच. सोपी रचना अशी: काठाला लंब असे रस्ते पूरमैदानात न्या आणि दोन्ही बाजूंना शेतं लावा. मधून कालव्याची चर काढली तर कस आणखी सुधारतो. पूरमैदानापासून उंचावर असलेल्या कुरणांतही शेती होते, ती स्वतःच्या कामगारांवर चालते आणि पुरावर अवलंबून नसते. पण कुरणांचा कस दर पुरात फुकट भरत नाही, म्हणून तिथे पाण्याची सोय जास्त महत्त्वाची. चर खाली आणि शेत वर असेल तर मधे वॉटर लिफ्ट बांधा.

एकच पीक, एकच हंगाम, म्हणजे कोठारात वर्षभराचं धान्य हवं. इथेच दुसरी मोठी गफलत होते. कापणीच्या वेळी सगळ्या हातगाड्या एकदम कोठाराकडे धावतात. कोठार भरलेलं असेल किंवा लांब असेल तर त्या रस्त्यात उभ्या राहतात, आणि पूर डोक्यावर. शेतांजवळ एक कोठार ठेवा, तिथे धान्य उतरलं की झालं. वस्तीजवळ दुसरं कोठार ठेवून त्याला ‘गेट’ (म्हणजे ‘आण’) हुकूम द्या, म्हणजे ते स्वतः आपली गाडी पाठवून पहिल्याकडून माल ओढतं. बाजाराच्या खरेदीवालीला आता मैलभर चालावं लागत नाही. कोठारं भरलेली असूनही लोक उपाशी राहण्याचं निम्मं कारण तिचं ते लांबचं चालणं असतं.

पुराचा अंदाज पुजारी नाईलोमीटर (नदीची पातळी मोजायचं साधन) पाहून आधी सांगतात. अंदाज वाईट आला की त्या वर्षी धान्याची निर्यात बंद करा, मासेमारी आणि शिकारीकडे माणसं वळवा.

घर वर चढतं कसं

घरावर उजवी क्लिक केली की पुढच्या दर्जासाठी काय हवं ते खेळ स्वतःच सांगतो. ही सवय लावून घ्या, याद्या पाठ करायची गरज नाही. क्रम ढोबळमानाने असा: पाणी, अन्न, देव, मग स्वच्छ पाणीपुरवठा, करमणूक, मडकी, बिअर, आणि वर जाताना लिनन (जवसाच्या धाग्याचं कापड) आणि चैनीच्या वस्तू. शिवाय आसपासची जागा ‘हवीशी’ असावी लागते. बागा, चौथरे, पुतळे ती वाढवतात. गोदामं, कारखाने आणि खुद्द बाजारही ती कमी करतो. म्हणून कारखाने कड्यापासून लांब.

चिकणमातीचा खड्डा आणि कुंभार, जवाचं शेत आणि बिअरची भट्टी, जवसाचं शेत आणि विणकर अशा जोड्या एकमेकांजवळ आणि गोदामाजवळ ठेवा. माल वेळेवर येणं महत्त्वाचं, सतत भरपूर येणं नाही. मडकी दोन महिने आली नाहीत तर घरं एकदम खाली घसरतात, माणसं बाहेर पडतात, कामगार घटतात, आणि मग मडकी करायलाच कोणी उरत नाही.

आता तो आधी सांगितलेला त्रास. ‘मॅनर’ आणि त्यावरच्या घरांतली माणसं काम करत नाहीत. ते लेखनिक, बडे लोक. कर भरपूर देतात, पण कामगारांच्या यादीतून गायब होतात. चैनीच्या वस्तू सगळ्या बाजारांत सोडल्या आणि एका वर्षात चांगली कष्टकरी वस्ती बडी झाली, तर शेतं ओस पडतात. बाजाराला कोणत्या वस्तू खरेदी करायच्या हे सांगता येतं. सामान्य कड्यांच्या बाजारांत चैनीच्या वस्तू बंद ठेवा आणि बड्यांसाठी एक वेगळं छोटं कडं काढा. उद्दिष्टात मागितली असतील तेवढीच घरं.

पैसा

सुरुवातीचे डेबेन, म्हणजे खेळातले पैसे, बांधकामात भराभर जातात. (प्रत्यक्ष प्राचीन इजिप्तमध्ये डेबेन हे वजन होतं, वस्तूंच्या किमती तांब्याच्या वजनात मोजत; खेळाने त्याची रोकड केली.) राजवाड्याशिवाय करवसुली नाही, आणि सोन्याच्या खाणीतलं सोनंही राजवाड्यातच जमा होतं. म्हणून जिथे सोनं आहे तिथे राजवाडा आणि खाणी लवकर.

बाकीच्या शहरांत तारणहार व्यापारच. जागतिक नकाशावर कोण काय विकत घेतं ते पाहा, एकदाच रक्कम भरून मार्ग उघडा. ज्या वस्तूला गिऱ्हाईक आहे तिचे कारखाने आधी बांधा. बोरू मिळत असेल तर पपायरस चांगला पैसा देतो. प्रत्येक शहराची वर्षाची खरेदी मर्यादित असते, त्यामुळे एकाच मालावर विसंबू नका. घरच्या गरजेपुरता साठा राखून उरलेलंच विकायचं, ही सूचना व्यापाराच्या ओव्हरसीअरला देता येते आणि ती द्यायला लोक विसरतात.

मजुरी राज्याच्या दरापेक्षा खाली आणली की लोक नाराज होतात. कर्जात गेलात की राज्य मानांकन घसरतं. दोन्हीपेक्षा बांधकाम सहा महिने थांबवणं स्वस्त.

देव

ओसायरिस, रा, प्ताह, सेथ, बास्त. प्रत्येक शहरात सगळे नसतात. त्यांतला एक मुख्य दैवत असतो, त्याला जास्त मान लागतो. ओसायरिस रागावला तर पूर बिघडतो, प्ताहचा राग गोदामांवर निघतो, बास्तच्या रागाने रोगराई. मुख्य दैवताला जास्त देवळं, बाकीच्यांना एक देऊळ आणि काही छोटी देव्हारी, आणि अधूनमधून उत्सव. सगळे उत्सव मुख्य देवालाच देऊ नका, दुर्लक्षित देव गुपचूप चिडत असतो. देवळांच्या ओव्हरसीअरकडे मनःस्थिती दिसते, दर वर्षी पुराच्या आधी तिथे नजर टाका.

स्मारक

स्मारक हे शेवटचं काम नव्हे. जागा पहिल्या दिवशी राखून ठेवायची आणि काम मध्यावर सुरू करायचं. मस्तबाला (सपाट माथ्याच्या थडग्याला) विटा लागतात, विटांना चिकणमाती आणि गवत, आणि गवत धान्याच्या शेतातून मिळतं. सक्काऱ्याच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडपासून दगडाचा हिशोब सुरू होतो. पुढे दहशूरला वाकडा पिरॅमिड, गिझाला (खेळात रोस्तजा) मोठा पिरॅमिड. चुनखडीचा बाह्य थर आला की आयात वाढते. प्रत्यक्षातही गिझासाठीची चुनखडी तुराच्या खाणींतून नाईलवरून होड्यांनी येत होती. त्या वाहतुकीची रोजनिशी लिहिलेले पपायरस तांबड्या समुद्राकाठच्या वादी अल-जर्फला सापडले आहेत.

दगड गोदामातून घसरगाडीवर चढतो आणि वर्क कॅम्पमधले शेतकरी ती ओढतात. म्हणजे ज्या माणसांनी शेत कसायचं तीच दगड ओढणार. पूर चढलेला असतो तेव्हा शेतात काम नसतं आणि सगळे कॅम्प स्मारकाला मिळतात. म्हणून दगड, लाकूड, विटा यांचा साठा पुराआधीच गोदामात पडलेला हवा. पूर संपल्यावर माल आला तर ओढायला माणसं शेतावर गेलेली असतात.

काम अडलं की या क्रमाने तपासा. गोदामात माल आहे का, आणि त्या गोदामाला तो बाहेर न देण्याचा हुकूम चुकून दिलेला नाही ना? व्यापाऱ्याने वर्षाचा कोटा संपवला आहे का? लाकूड आहे का, कारण उतरणी बांधणाऱ्या सुतारांच्या संघाला ते लागतं आणि लोक फक्त दगडाकडे बघत बसतात. गवंड्यांच्या संघात कामगार आहेत का? गोदाम, संघ आणि स्मारक रस्त्याने जोडलेलं आहे का? हे सगळं ठीक असेल तर वर्क कॅम्प मोजा, आणि स्मारकाच्या बाजूला आणखी दोन टाका. एवढं करूनही घसरगाड्या दिसत नसतील तर कॅलेंडर बघा: बहुधा पेरणीचे महिने चालू असतात, आणि पुढच्या पुरापर्यंत वेग वाढवून वाट बघणं हाच उपाय.